‘वॉटर’ची जात कोणती?

सहावीच्या वर्गात फळ्यावर मी एकच शब्द लिहिला, ‘वॉटर’, आणि विचारलं, ‘‘याची जात सांगा.’’ भराभर हात वर झाले. ‘‘नाम, बाई!’’ मग त्याच शब्दापुढे दोन शब्द वाढवले: ‘वॉटर द प्लांट्स.’ ‘‘आता सांगा.’’ हात खाली आले. दोघं-तिघं हळू आवाजात ‘नामच’ म्हणाले. मागच्या बाकावरची एक मुलगी, घरी रोज भाजीच्या वाफ्यांना पाणी देणारी, उभी राहिली. ‘‘बाई, झाडांना पाणी घाल, असं आहे ते. म्हणजे क्रियापद. पण मघाशी तर नाम होतं!’’

तिचा तो ‘पण’ मला फार मोलाचा वाटतो. इंग्रजीतल्या शब्दांच्या जाती शिकवायच्या तर त्या ‘पण’पासून सुरुवात करायला हवी, आणि आपण नेमका तोच टाळतो. आपण व्याख्येपासून सुरू करतो. व्यक्ती, वस्तू, ठिकाण यांचं नाव ते नाम. क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद. मुलं व्याख्या पाठ करतात, परीक्षेत अधोरेखित शब्दाची जात ओळखतात, दोन गुण मिळवतात. तीच मुलं आठवीत गेल्यावर ‘ही वेंट फॉर अ रन’ या वाक्यात ‘रन’ला बिनदिक्कत क्रियापद म्हणतात, कारण धावणं ही क्रिया आहे. व्याख्येप्रमाणे त्यांचं चूक काय? ‘आय नो हिम’मधल्या ‘नो’मध्ये कसलीही हालचाल नाही, तरी ते क्रियापद, ‘अरायव्हल’ म्हणजे येण्याची क्रिया, तरी ते नाम. अर्थावर उभी केलेली व्याख्या इंग्रजीत चार पावलांवर कोसळते.

मराठीत हीच व्याख्या बरीच टिकते. त्याचं कारण असं की मराठी शब्द आपली खूण अंगावर वागवतो. पाणी, पाण्याला, पाण्यात, पाण्याचा: प्रत्यय लागला, सामान्यरूप झालं, म्हणजे नाम. शिंपतो, शिंपलं, शिंपेन: म्हणजे क्रियापद. वाक्यातून उचलून बाजूला ठेवला तरी शब्द ओळखता येतो. इंग्रजीतही एके काळी अशा खुणा होत्या. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाला ‘लुफू’ म्हणत आणि प्रेम करणे या क्रियापदाला ‘लुफियन’. शब्दांच्या अंती येणारे हे उच्चार पुढच्या काही शतकांत झिजत गेले आणि दोन्हींचं मिळून एकच ‘लव्ह’ उरलं. प्रत्यय गेले, तेव्हा त्यांचं काम जागेकडे आलं. ‘कुत्रा मांजराला चावला’ हे आपण ‘मांजराला कुत्रा चावला’ असं फिरवलं तरी चावणारा कुत्राच राहतो, कारण ‘ला’ मांजराला घट्ट चिकटलेला आहे. इंग्रजीत ‘डॉग’ आणि ‘कॅट’ यांची अदलाबदल केली की चावा घेणारं जनावरच बदलतं.

म्हणून वर्गात मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगून टाकते: इंग्रजी शब्दाची जात जन्माने ठरत नाही, त्या वाक्यात त्याला मिळालेल्या जागेने आणि कामाने ठरते. ‘राउंड’ हा शब्द घ्या. आपण मराठीतही ‘एक राउंड मारून येतो’ म्हणतो. तिथे ते नाम. ‘अ राउंड टेबल’ म्हटलं की विशेषण. ‘टर्न राउंड’मध्ये क्रियाविशेषण, ‘राउंड द कॉर्नर’मध्ये प्रिपोझिशन, आणि ‘द बोट राउंडेड द रॉक’मध्ये क्रियापद. एकाच शब्दाची पाच कामं. मुलांना हे अवघड जात नाही. घरात एकच माणूस मुलगा, भाऊ, काका आणि दुकानदार असतो हे त्यांना ठाऊक असतं.

शब्दांच्या जाती आठ, असं आपण शिकवतो. हा आठचा आकडा आला कुठून, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना सांगावं. अलेक्झांड्रियात शिकलेल्या, इसवीसनापूर्वी १०० च्या सुमारास होऊन गेलेल्या डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर ग्रीक भाषेचं एक छोटं व्याकरण आहे. त्यात शब्दांच्या आठ जाती आहेत. विशेषण त्यांत नाही. ते नामाच्याच पोटात होतं. आर्टिकल, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द, मात्र होतं. रोमन पंडितांनी हीच चौकट लॅटिनला लावली. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, तेव्हा ती जागा रिकामी झाली. यादीत केवलप्रयोगी अव्ययाची वेगळी जात आली आणि आठचा आकडा कायम राहिला. शेकडो वर्षांनी इंग्रजी व्याकरणं लिहिली जाऊ लागली ती लॅटिनच्या साच्यावर. यॉर्कजवळ राहणाऱ्या लिंडले मरे यांचं १७९५ सालचं व्याकरण शाळाशाळांतून चाललं. त्यात नऊ जाती आहेत, आर्टिकल वेगळं धरून. आपल्याकडच्या कपाटाकपाटांतून दिसणाऱ्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकात पुन्हा आठ आहेत. तिथे आर्टिकल विशेषणांत बसवलं आहे. यातले रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले आणि पुढे १९२४ साली ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन. अलीकडचं, २००२ सालचं केंब्रिजचं मोठं व्याकरण तर सर्वनामांना नामांतच घालतं आणि ‘आफ्टर’, ‘बिफोर’ यांना जवळजवळ सगळीकडे प्रिपोझिशन मानतं.

आपल्याकडेही एकमत नव्हतंच. यास्कांच्या निरुक्तात पदांचे चार प्रकार आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनींना दोन पुरले, सुबन्त आणि तिङन्त. कोणते प्रत्यय लागतात एवढ्यावरच त्यांनी वाटणी केली. मराठीतल्या आठ जाती आपण ज्या क्रमाने घोकतो तो साचा इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीचा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हा जाती किती यावर मुलांचा जीव काढण्यात अर्थ नाही. जाणकारांतच मतभेद असताना सहावीच्या मुलाने ‘माय’ला सर्वनाम म्हटलं म्हणून त्याचा गुण कापणं मला पटत नाही. त्याने कारण बरोबर दिलं की नाही, ते बघावं.

मुलांना शब्दांच्या जाती आधीच येत असतात. त्यांना फक्त नावं येत नसतात. यावर विश्वास बसत नसेल तर हे वाक्य वर्गात वाचून बघा: ‘लोंबट गिरमुडा झिपाटीला भिळकन टुपकवतो.’ यातल्या एकाही शब्दाला अर्थ नाही. मी विचारते, ‘‘कोण टुपकवतो?’’ सगळा वर्ग ओरडतो, ‘‘गिरमुडा!’’ ‘‘कुणाला?’’ ‘‘झिपाटीला!’’ ‘‘गिरमुडा कसा आहे?’’ ‘‘लोंबट!’’ ‘‘कसं टुपकवतो?’’ ‘‘भिळकन!’’ ‘‘असे दोन असले तर?’’ ‘‘दोन गिरमुडे, बाई!’’ कुणीही गिरमुडा पाहिलेला नाही, तरी त्याचं अनेकवचन अचूक होतं. जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली अमेरिकेत लहान मुलांवर असाच प्रयोग केला होता. पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून ‘हा वग’ म्हटलं, मग दोन प्राणी दाखवून वाक्य अर्धं सोडलं. अजून पहिलीतही न गेलेल्या पोरांतल्या बहुतेकांनी ते ‘वग्ज’ म्हणून पुरं केलं.

मग त्याच तासाला इंग्रजीतलं बनावट वाक्य लिहायचं: ‘द मिबी टर्ग्ज डॅक्स्ड अ लोप ग्रिंटली.’ आता मुलं शोध घेऊ लागतात. ‘टर्ग्ज’च्या शेवटी अनेकवचनाचा उच्चार आहे. ‘द’ आणि ‘टर्ग्ज’ यांच्या मध्ये बसलाय तो ‘मिबी’, म्हणजे विशेषण. ‘डॅक्स्ड’च्या अंती भूतकाळाची खूण दिसते. ‘अ’च्या मागोमाग आलेला ‘लोप’ नाम असणार. ‘ग्रिंटली’ला ‘ली’ आहे. पंधरा मिनिटांत मुलांनी स्वतः पाच नियम काढलेले असतात, आणि ते त्यांच्या वहीत त्यांच्याच शब्दांत उतरतात.

चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९५२ सालच्या ‘द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश’ या पुस्तकात जवळपास हीच वाट धरली होती. लोकांची प्रत्यक्ष संभाषणं, सुमारे ५० तासांची, ध्वनिमुद्रित करून त्याने तपासली आणि वाक्यातली एक जागा रिकामी ठेवून तिथे कोणकोणते शब्द बसतात ते पाहिलं. जुनी नावं बाजूला सारून त्याने वर्गांना सरळ क्रमांक दिले. शाळेत आपल्याला क्रमांकांची गरज नाही, रिकामी जागा मात्र फार उपयोगी पडते. मी फळ्यावर दोन ओळी लिहिते. पहिली: ‘द’, मग रेघ, मग ‘इज हिअर’. दुसरी: ‘आय’, मग रेघ, मग ‘एव्हरी डे’. मुलं पहिल्या रेघेवर ट्रॅक्टर, गोट, पंप, टीचर बसवतात. दुसऱ्या रेघेवर रीड, प्ले, स्लीप येतात. ‘आय ट्रॅक्टर एव्हरी डे’ म्हटलं की वर्ग हसतो, आणि त्या हसण्यातच जात कळलेली असते. मग कुणीतरी शोधून काढतं की ‘कुक’ दोन्ही जागी बसतो. ‘ब्रश’ही. ‘वॉक’ही. त्या दिवशी मुलांची यादी फळ्यावर मावत नाही.

रंग आणि आकारही हाताशी घ्यावेत. मारिया माँटेसरींच्या पद्धतीत प्रत्येक जातीला एक चिन्ह आहे: नामाला मोठा काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल वर्तुळ. नाम म्हणजे जागेवर पक्कं बसलेलं काहीतरी, क्रियापद म्हणजे घरंगळणारा चेंडू. विशेषण आणि आर्टिकल हे नामाच्या घरातले, म्हणून त्यांनाही त्रिकोणच, पण लहान. क्रियाविशेषण क्रियापदाच्या घरातलं, म्हणून त्याला छोटं वर्तुळ. कोण कुणावर अवलंबून आहे हे व्याख्येशिवाय डोळ्यांना दिसतं. घोटीव कागदाचे तुकडे कापून चिन्हं करायला एक दुपार पुरते. मुलं ती वाक्याच्या डोक्यावर मांडत जातात आणि एखादं चिन्ह कुठे ठेवायचं यावर कडाकडा भांडतात. त्या भांडणात मी शक्य तितका वेळ पडत नाही.

आता जिथे मराठी मुलाची पावलं खरोखर घसरतात त्या जागा. आपण मराठी नावं इंग्रजी नावांसमोर मांडतो आणि मुलाला वाटतं, दोन्हीकडे सगळं सारखंच आहे. प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, असं सगळी गाइडं सांगतात. एक फरक लगेच दिसतो: आपलं अव्यय नामाच्या मागून येतं आणि त्याला चिकटतं, इंग्रजीतलं पुढे उभं राहतं आणि सुटं राहतं. खरी अडचण त्याच्याही खाली आहे. इंग्रजी प्रिपोझिशन जे काम करतं ते मराठीत दोघांनी वाटून घेतलंय. थोडं शब्दयोगी अव्ययांनी, आणि फार मोठा वाटा विभक्तीच्या प्रत्ययांनी. एका ‘ला’कडे बघा. मुंबईला जातो, तिथे ‘टू’. पाचला ये, तिथे ‘ॲट’. पंधरा तारखेला भेटू, तिथे ‘ऑन’. त्याला विचार, तिथे काहीच नाही. त्याला ताप आहे, तिथे तर अख्खं वाक्यच उलटतं आणि ‘ही हॅज फीव्हर’ होतं. मुलगा ‘आस्क टू हिम’ लिहितो तेव्हा त्याने ‘त्याला’मधला ‘ला’ प्रामाणिकपणे इंग्रजीत नेलेला असतो. त्याच्या वहीत नुसती लाल फुली मारून त्याला हे कसं कळावं? त्याच्याकडून ‘ला’ची दहा मराठी वाक्यं लिहून घ्या, समोर दहा इंग्रजी वाक्यं लिहा, आणि ‘ला’चं प्रत्येक ठिकाणी काय झालं ते त्यालाच शोधू द्या. माझ्या अनुभवात प्रिपोझिशनच्या धड्यावर घालवलेल्या तीन तासांपेक्षा हा एक तास जास्त देऊन जातो.

दुसरी जागा विशेषण आणि क्रियाविशेषणाची. ‘शी सिंग्ज गुड’ ही चूक मी वर्षानुवर्षं तपासत आले. मराठीत ‘ती चांगली मुलगी आहे’ आणि ‘ती चांगली गाते’ या दोन्ही वाक्यांत ‘चांगली’ तोच आहे. एवढंच नाही, ‘तो चांगला गातो’ म्हणताना आपलं क्रियाविशेषण लिंगही बदलतं, जणू ते विशेषणच आहे. मग मुलाने ‘गुड’ आणि ‘वेल’ वेगळे का मानावेत? आधी त्याच्या भाषेत दाखवावं लागतं की पहिला ‘चांगली’ मुलीबद्दल बोलतो आणि दुसरा गाण्याबद्दल. हे एकदा मराठीत दिसलं की इंग्रजीतली ‘ली’ आपोआप अर्थपूर्ण होते.

तिसरी जागा आपल्या ‘करणे’ची. मराठीने इंग्रजी शब्द भरपूर घेतले, पण क्रियापद म्हणून क्वचितच घेतले. आपण फोन करतो, तिकीट बुक करतो, ॲडजस्ट करतो. इंग्रजीतलं क्रियापद मराठीत आलं की त्याच्यामागे ‘कर’ उभं करावं लागतं. अभ्यास, आंघोळ, स्वयंपाक यांचंही तेच. म्हणून ‘मी अभ्यास करतोय’चं ‘आय ॲम डुइंग स्टडी’ होतं. मुलाच्या मनात ‘स्टडी’ नाम आहे, कारण अभ्यास नाम आहे. हाच शब्द स्वतः क्रियापदाच्या जागी बसू शकतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ‘वॉटर द प्लांट्स’चा धडा इथे कामाला येतो.

उभयान्वयी अव्ययं त्या मानाने सोपी. आणि, पण, किंवा यांच्याशी ती नीट जुळतात. एक सांधा तेवढा सांभाळावा. आपलं ‘जरी’ आलं की ‘तरी’ येतंच, म्हणून मुलं ‘दो’ लिहून पुढे ‘बट’ लिहितात. इंग्रजीला दोन्हींपैकी एकच पुरतं. केवलप्रयोगी अव्ययावर मी दहा मिनिटांहून जास्त घालवत नाही. आर्टिकलला मात्र वर्ष लागतं. मराठीत त्याची जातच नाही. ‘एक राजा होता. तो राजा फार उदार होता’ या दोन वाक्यांत आपला ‘एक’ आणि ‘तो’ जे करतात, ते ‘अ’ आणि ‘द’ यांचं मूळ काम आहे: पहिल्यांदा ओळख करून देणं आणि नंतर ओळखीचा म्हणून बोलणं. गोष्टीच्या सुरुवातीपासून शिकवलं तर ते पोचतं. उरलेला बारकावा वाचनातून, हळूहळू येतो.

मुळात शब्दांच्या जाती शिकवाव्यातच का, असंही विचारलं जातं. अमेरिकेत १९६३ साली लेखनशिक्षणावरच्या संशोधनाचा मोठा आढावा निघाला. नुसतं औपचारिक व्याकरण शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ तेवढा खाल्ला जातो, असा त्याचा निष्कर्ष होता. तो इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांबद्दलचा आहे. आपली मुलं इंग्रजी घरून घेऊन येत नाहीत, त्यांना वाक्याची चौकट कुणीतरी दाखवावीच लागते. चूक कुठे झाली हे त्यांच्याशी बोलायला दोघांना समजेल अशी भाषा लागते, आणि नाम, क्रियापद, विशेषण ही ती भाषा आहे. तरीही या आढाव्यातला इशारा मी मानते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आता मूल पाचवीत येतं तेव्हा त्याच्या कानावरून चार वर्षांची गाणी, सूचना, गोष्टी गेलेल्या असतात. त्या कमाईवर नावं चढवावीत. नावं पाठ करून घेऊन त्यांखाली भाषा भरायला जाऊ नये.

शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. या धड्याच्या पहिल्या दिवशी व्याख्या लिहून देऊ नका. त्या तासाला मुलांना वाक्यं द्या, शब्द हलवू द्या, चुकू द्या. व्याख्या आठवड्याच्या शेवटी त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आणि घरी पाचवी-सहावीतलं मूल असलेल्या पालकांनी आज संध्याकाळी त्याला तीन वाक्यं द्यावीत: ‘लाइट द लॅम्प’, ‘द लाइट इज ऑन’, ‘धिस बॅग इज लाइट’. प्रत्येक ‘लाइट’ची जात विचारा, आणि उत्तर बरोबर आलं तरी पुढे विचारा, ‘‘तुला कशावरून कळलं?’’